काट्यानं टोचलेली हरणं

"पूर्वीसारखं चिवट नाही राहिलं आता, ताई. लोणी आहे लोणी," असं म्हणत खाटकानं सुरीच्या टोकानं मांसाची एक कड उचलून दाखवली. कडेला चरबी होती. बोटभर जाड, पिवळसर, दिव्याखाली ओलसर चमकणारी. मी बाबांच्या सुपासाठी हाडं घ्यायला थांबले होते. आठवड्यातून एकदा ऑफिसला जाताना थांबते तशीच. फळ्यावर खडूनं लिहिलेलं मी वाचलंही नव्हतं. "हे कशाचं?" मी विचारलं. "हरणाचं." "हरणाला चरबी?" "मग काय नुसतीच शिंगं?" तो म्हणाला. "परवान्यावर मारलेलं आहे, कागद आहे माझ्याकडे. कालव्याखालच्या शेतांतलं. रात्रभर लुसणघास खायचा, दिवसभर बांधाच्या सावलीला पडून राहायचं. साहेब लोकांसारखं." माझ्यामागे उभी असलेली बाई हसली. "अर्धा किलो बांधू का?" मी मान हलवली असणार, कारण थोड्याच वेळानं कागदात गुंडाळलेलं ते थंडगार पुडकं माझ्या हातात होतं आणि मी फुटपाथवर उभी होते. हाडं घ्यायची राहून गेली होती.

बाबा म्हणायचे, हरणाच्या अंगावर चरबी असते ती डोळ्यामागे. चिमूटभर. बाकीचा सगळा वारा. मी लहान असताना ते मला हे अशा आवाजात सांगत, की मला वाटे आपल्याही अंगात कुठेतरी वारा असला पाहिजे, आणि मी पळताना श्वास रोखून तो शोधत असे. बाबा रानमोजणीदार होते. डोंगर आणि नदी यांच्यामध्ये जे कोरडं माळरान पसरलं होतं, पायात टोचणाऱ्या गवताचं, खुरट्या झुडपांचं, वरून बघितलं तर एखाद्या म्हाताऱ्या जनावराच्या पाठीसारखं, त्यावरून वर्षातून दोनदा हरणांचे कळप नदीकडे उतरत आणि परत डोंगरात चढत. ते मोजणं हे बाबांचं काम. शाई रानात वाळते आणि पेन्सिल घामानं पुसते, म्हणून ते काट्यानं मोजत. नकाशाचं जाड पत्रक मांडीवरच्या फळीवर, हातात बाभळीचा लांब पांढरा काटा, आणि कळप जिथून उतरेल तिथे एका जनावराला एक भोक. गाभण मादी असेल तर दोन भोकं, एकमेकांना चिकटून. तोंडानं अगदी हळू, हरणांना वाऱ्यासारखंच वाटावं इतकं हळू, एक ओवी चालू असे:

एकली पुढे चाले,
दुजी मागे पाही,
तिजीच्या पोटी राही
चौथी कोण.

मी विचारायची, चौथी कोण? ते म्हणत, ते पुढच्या वर्षी मोजू. आणि संध्याकाळी घरी आल्यावर पत्रक दिव्यासमोर धरत. काळ्या कागदासारख्या झालेल्या त्या पत्रकातून एक सबंध कळप उजेडाचा होऊन बाहेर येई. माळरानावर जागोजागी ठिपक्यांच्या ओळी, सगळ्या नदीकडे तोंड करून निघालेल्या. "हे उतार," बाबा बोट फिरवत. "त्यांच्या आजीच्या आजीपासून इथूनच. बाजूला दहा पावलांवर चांगली वाट असली तरी तिथून जायचे नाहीत." आई स्वयंपाकघरातून म्हणे, "अगदी तुमच्यासारखे."

ऑफिसात मी पिशवी खुर्चीच्या पाठीला अडकवली. आरेखन शाखेत आता आरेखन कुणी करत नाही. सगळं पडद्यावर होतं. मी आणि खळीची बरणी तेवढी उरलो आहोत. जुनी पत्रकं घड्यांवर फाटतात, त्यांना मागून मांजरपाट चिकटवायचा, सुरकुत्या काढायच्या, दाबाखाली वाळवायची, हे माझं काम. गेली सात-आठ वर्षं मी फक्त मागची बाजू बघते आहे असं कधीकधी मला वाटतं. अकराच्या सुमाराला शाखाप्रमुख स्वतः आले. माणूस वाईट नाही. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहे, आणि मला ताई म्हणतो, तेव्हा त्यात थट्टा नसते. त्यांच्या हातात एक सुरळी होती. "ताई, एवढं एक दुपारी चारपर्यंत. कालव्यात मेलेल्या हरणांची चौकशी लागली आहे ना, समितीला कालव्याआधीची सगळी पत्रकं हवी आहेत. त्यांना बघायचंय, हरणांच्या वाटा आपल्याला आधी माहीत होत्या का. ह्याला मागून कापड लावून द्या. फाटकं पाठवलं तर म्हणतील, खातंच फाटकं आहे." त्यांनी सुरळी माझ्यासमोर उलगडली आणि कोपऱ्यावर पेपरवेट ठेवला. पत्रक अकरा.

मी ते एकतीस वर्षांत पाहिलं नव्हतं. पाहिलं नव्हतं म्हणजे पाहायचं टाळलं होतं. तळघराच्या कपाटात तिसऱ्या कप्प्यात ते आहे हे मला माहीत होतं, जसं आपल्याला दाढेतली कीड माहीत असते आणि जीभ तेवढी जागा सोडून फिरते.

त्या वेळी मी सत्तावीस वर्षांची होते, आणि हंगामी. हात बारीक म्हणून घेतलं होतं. माझ्याइतकी सलग आणि पातळ रेघ त्या खोलीत कुणाची येत नव्हती. टेबलाला काच होती आणि काचेखाली दिवा. जुनं पत्रक काचेवर ठेवायचं, वर ट्रेसिंगचं कापड, आणि खालच्या उजेडावर दिसेल ते उतरवून घ्यायचं: नदी, टेकड्या, पायवाटा, विहिरी. मग त्यावरून नव्या कालव्याची रेघ जायची. पत्रक अकरा बाबांनी स्वतः खात्यात आणून दिलं होतं. खात्यानंच मागवलं होतं त्यांच्याकडून, रानाची माहिती म्हणून. खिडकीवरच्या कारकुनाला ते म्हणाले होते, "उतारांच्या जागी कालव्याला ढाळ ठेवा, जनावराला उतरता-चढता यायला पाहिजे. बाकी माझी पोरगीच आहे आत, ती बघेल." हे मला त्या कारकुनानं हसत सांगितलं होतं. मग मी काचेखालचा दिवा लावला, आणि ओल्या वासाच्या त्या बंद खोलीत भर दुपारी आमच्या घरातली संध्याकाळ उजळली. तीच ओळ, तेच ठिपके, तीच चिकटलेली जोडभोकं, गाभण माद्यांची. मला इतका आनंद झाला की मी आधी शेजारच्या टेबलाकडे पाहिलं, कुणाला दाखवावं म्हणून. तेवढ्यात मोठे साहेब मागे येऊन उभे राहिले. ते गेले आता. गुळगुळीत दाढी, पांढरे बूट, बोलताना खिशातल्या किल्ल्या वाजवायची सवय. "ही काय चाळण?" ते म्हणाले. मी म्हणाले, "भोकं आहेत, सर." "ते मलाही दिसतंय. कसर लागलेली आहे. कसरीनं खाल्लेलं आपण काढत नाही." किल्ल्या वाजल्या. "पत्रकांच्या नोंदवहीत लिहून टाका: अकरा, कसर लागलेली." आणि दाराशी जाऊन वळून म्हणाले, "पुढच्या महिन्यात कायम करायच्यांची यादी जाते आहे. तुमचा हात चांगला आहे."

मी काय करू शकले असते, ह्याचा विचार मी इतक्या वेळा केला आहे की तो आता झिजून गुळगुळीत झाला आहे. मला एवढंच म्हणायचं होतं: सर, ही कसर नाही, हे माझे वडील आहेत. आठ शब्द. पण बाबांचे धुळीनं भरलेले बूट, त्यांच्या अंगाचा रानाचा वास, खिडकीवरच्या कारकुनाचं ते हसणं, आणि ती यादी. मी नोंदवही उघडली. लिहिलं. अक्षर अगदी सुंदर आलं. मग ट्रेसिंगवर मी नदी काढली, टेकड्या काढल्या, विहिरी काढल्या, आणि हरणांच्या अंगावरून कालव्याची रेघ ओढून नेली. ती माझी सगळ्यात चांगली रेघ आहे. अजून खात्यात नव्या माणसांना दाखवतात.

तीन वर्षांनी पाणी आलं. पहिली काही वर्षं सगळेच खूष होते, हरणंसुद्धा. माळरानाचे हिरवे चौकोन झाले. लुसणघास, गहू, पुन्हा लुसणघास. काही कळप शेतांच्या कडेलाच राहिले. डोंगरात परत जायचंच त्यांनी सोडलं. माद्यांना जुळी होऊ लागली. खात्यानं पुस्तिका काढली, त्यात बांधावर उभ्या असलेल्या पाडसाचा फोटो होता आणि खाली: सिंचनामुळे हरणांच्या संख्येत वाढ. ते खोटं नव्हतं. ते खोटं नव्हतं हीच तर त्यातली गोम होती. मग शेतांना तारा आल्या, तारांवरून नासाडीचे अर्ज आले, अर्जांवरून परवाने आले. जमिनीवर घरटं करणाऱ्या तितरांचं तर कुणी नावही घेतलं नाही. घास कापायचं यंत्र शेताच्या कडेनं सुरू होऊन गोल गोल आत जातं. पाखरं पिलांना घेऊन मधे मधे सरकतात आणि शेवटच्या पट्ट्यात सगळी सापडतात. बाबा एका शेतकऱ्याला सांगायला गेले होते, मधून सुरुवात करा, कडेला या, म्हणजे ती निसटतील. तो म्हणाला, "मधून सुरुवात करायला यंत्र काय आभाळातून सोडू, मोजणीदार?" तोही वाईट माणूस नव्हता. त्यानं बाबांना पाणी दिलं, बसायला खाट टाकली. ह्या सगळ्यात मला वाईट माणूस शोधूनही सापडत नाही. माझ्या पांढऱ्या बूटवाल्या साहेबांना मी ते स्थान बरीच वर्षं देऊन पाहिलं, पण लेखणी माझ्या हातात होती.

आणि जे कळप हट्टी होते, ज्यांना लुसणघासाची भूल पडली नाही, जे आजीच्या आजीच्या वाटेनंच नदीकडे निघाले, ते कालव्याशी येऊन थांबले. दोन्ही बाजूंना काँक्रीटचं अस्तर, उभं, शेवाळानं बुळबुळीत. उतरता येत होतं. चढता येत नव्हतं. ती पोहत राहायची, खूर घासून घासून झिजून जायचे, आणि खालच्या अंगाला जिथे लोखंडी जाळी होती तिथे येऊन अडकायची. सकाळी सफाईचे मजूर त्यांना आकड्यांनी ओढून काढत. काढलेली जनावरं मोजायला कुणीतरी हवं होतं. खात्यानं बाबांची बदली जाळीवर केली. निवृत्तीपर्यंत सहा वर्षं. बदली मागितली असती तर मिळाली असती, हे मला नंतर कळलं. त्या सहा वर्षांत मी सुट्टीला घरी जाई तेव्हा ते खात्याला शिव्या देत. "लेकाच्यांना पत्रक दिलं होतं. हातात दिलं होतं." मी जेवत असे. आई मला आणखी वाढत असे. ओवी त्यांनी सोडली होती.

दुपारी दोन वाजता माझ्यासमोर मांजरपाट कापून तयार होता, खळ कालवलेली होती, आणि ब्रश कोरडाच होता. मी पत्रक उचलून खिडकीशी नेलं. बाहेर समोरच्या इमारतीची राखी भिंत, तिच्यावरून परतलेला मळका उजेड. पण भोकांना तेवढा पुरला. एकतीस वर्षं ती तशीच चालत होती, नदीकडे तोंड करून. मी मोजली. मला मोजता येतं. तीनशे सतरा. मागून खळीचा एक हात फिरवला असता तर अर्ध्या तासात सगळी बुजली असती, आणि कुणीही मला काही म्हटलं नसतं. काम चोख झालं असतं. खुर्चीवरच्या पिशवीतून मांसाचा गोडसर, दमट वास येऊ लागला होता, की मलाच येत होता कोण जाणे. मी पत्रक तसंच घेऊन शाखाप्रमुखांकडे गेले.

"ही कसर नाही," मी म्हणाले. इतक्या वर्षांनी त्या आठ शब्दांतले एवढेच निघाले. मग बाकीचं सांगितलं. त्यांनी पत्रक दिव्यासमोर धरलं. "जोडी जोडी कसल्या?" "गाभण माद्या." त्यांनी पत्रक खाली ठेवलं, उठले, आणि कपाटातून ती जुनी नोंदवही काढून आणली. पान सापडायला त्यांना वेळ लागला नाही, म्हणजे त्यांनी ते सकाळीच पाहून ठेवलं होतं. त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. "ताई, समितीकडे हीसुद्धा जाणार. अकरा, कसर लागलेली. ते तुमच्या भोकांकडे बघतील, मग ह्या ओळीकडे बघतील. हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"तेच म्हणतो. फार छान अक्षर आहे." त्यांना टोमणा मारायचा नव्हता. ते खरंच तसं वाटून बोलले, म्हणून ते जास्त लागलं. "बघा, पत्रक मी सकाळपर्यंत थांबवतो. ही नोंद खोटी आहे, तुम्हाला तेव्हाच माहीत होतं, असं तुम्ही सहीनिशी लिहून द्या, मी जोडतो. खात्याच्या डोक्यावर बसेल, माझ्याही बसेल, पण जोडतो. नाहीतर कापड लावा. दोन महिन्यांत तुम्ही निवृत्त होताय. उगाच कशाला, असंही मी म्हणेन." त्यांनी मला एक कोरा कागद दिला. मी तो पिशवीत ठेवला.

घरी खालच्या मजल्यावरच्या मावशी बाबांजवळ बसल्या होत्या. दिवसभर त्याच लक्ष ठेवतात. "आलीस का गं? तुझ्या बाबांनी आज मला चारदा मोजलं," त्या उठत म्हणाल्या. "एकदा जिन्यात, एकदा गॅलरीत आणि दोनदा उगीचच. मी म्हटलं, मी एकच आहे हो. तर म्हणतात, ते मला ठरवू द्या." आई गेल्यावर मी बाबांना इथे आणलं, त्याला सात वर्षं झाली. ते तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत बसतात. आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत. शेजारीपाजारी समजतात की त्यांचं डोकं गेलं आहे, आणि तसं समजणं मला सोयीचं पडलं आहे. आल्यानंतरच्या पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला विचारलं होतं, "आज किती उतरले?" मी कांदा चिरत होते, थकले होते. मी म्हणाले, "चाळीस." ते म्हणाले, "बरं." तेव्हापासून रोज. चाळीस. साठ. पावसापाण्याचे दिवस असले तर शंभर. कधी कधी मला त्या आकड्यांचा विसावा वाटतो. बस थांब्यावर उभी असताना मी ठरवते, आज पन्नास सांगू या, आणि पन्नास हरणं खरोखरच माझ्या डोळ्यांसमोरून कोरड्या गवतातून उतरून जातात, खूर न वाजवता.

दिवे लागायची वेळ झाली होती. मी पिशवी टेबलावर उपडी केली. पुडकं दिवसभरात पाझरलं होतं. कागदाला कागद चिकटले होते, आणि शाखाप्रमुखांनी दिलेल्या कोऱ्या कागदाच्या मधोमध तळहाताएवढा डाग पडला होता. मी तो उचलला तर डागातून दिवा दिसला. चरबीनं कागद पारदर्शक होतो. हे मला माहीत होतं, जुने आरेखक कागदाला तेल लावत असत. तरी मी तो धरून उभी राहिले. त्या डागात एकही ठिपका नव्हता. सगळा नुसता पिवळा उजेड.

"काय आहे ते?" बाबांनी विचारलं. ते कधी उठून टेबलाशी आले मला कळलं नाही. अजूनही ते पावलांचा आवाज न करता चालतात. त्यांनी पुडकं सोडलं, बोटानं मांस दाबलं, बोट नाकाशी नेलं. मग चरबीची कड चिमटीत धरून पाहिली, बराच वेळ, कापडाचा पोत बघावा तशी. "हरीण," ते म्हणाले. "मादी. दोन वर्षांची. हिनं डोंगर पाहिलेला नाही." आणि हात पुसत खुर्चीवर बसले. "दुकानात मिळतं?"

"हो."

"आज किती उतरले?"

माझ्या तोंडात साठ होते. तयार होते. मी म्हणाले, "एकही नाही, बाबा. उतरतच नाहीत आता. मी तुम्हाला रोज खोटं सांगत होते."

"ते माहीत होतं," बाबा म्हणाले. "चाळीस, साठ, शंभर. रानात मोजलेला आकडा असा गोल कधी नसतो. मोजणाऱ्याच्या घरात वाढलीस आणि तुला एवढं कळलं नाही."

"मग विचारत का होतात रोज?"

"तू कधी खरं बोलतेस ते बघत होतो." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचं दार आपटलं, आणि त्यांची नजर सवयीनं तिकडे जाऊन, मोजून, परत आली. मी टेबलाची कड धरली होती. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. आणि ह्या वाटण्यातसुद्धा थोडं नाटक आहे हेही कळत होतं.

"बाबा, पत्रक अकरा. खात्याला दिसलं नव्हतं असं नाही. मला दिसलं होतं. काचेच्या टेबलावर, सगळं, गाभणसकट. मी कसर म्हणून लिहिलं."

त्यांनी मांसाचा कागद पुन्हा नीट गुंडाळला. घडीवर घडी घातली, कडा जुळवल्या. "कालव्यावर पहिल्या दिवशी गेलो," ते म्हणाले, "तेव्हा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललो. ढाळ कुठेच नव्हता. दुसऱ्या कुणी नकाशा काढला असता तर एखादा उतार तरी चुकून राहिला असता. इतकं साफ काम तुझंच. तेव्हाच कळलं."

"आणि तरी तुम्ही सहा वर्षं जाळीवर राहिलात? बदली मिळत होती तुम्हाला."

"मिळत होती. पण ते आपल्या घरचे होते. परक्या माणसानं का मोजायचे?"

मी तो डागाळलेला कागद समोर ओढला, आणि डाग टाळून वरच्या कोपऱ्यात तारीख घातली. खाली लिहिलं, मी खाली सही करणारी, आणि पुढे शब्द सुचेनात. लेखणी तशीच धरून मी त्यांना, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांचाच प्रश्न विचारला.

"किती होते?"

"जाळीवर?" त्यांनी डोळे मिटले नाहीत. आठवावंही लागलं नाही. "पाचशे एकोणतीस. त्यांतल्या एकशे सदतीस गाभण." मग माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "आणि लिहिताना गोल करू नकोस."